अकरा मेंढरं आणि बामणीकर सर

डॉ. रघुनाथराव बामणीकर सरांची आणि माझी पहिली भेट शेळ्यांच्या गोठ्यात झाली, आणि त्या भेटीतली पहिली दोन मिनिटे त्यांनी मला तोंड उघडू दिले नाही. मी लातूर जिल्ह्यातल्या मुरुडहून नांदेडला पदव्युत्तर शिक्षणासाठी नुकतीच आले होते. मला शस्त्रक्रिया हा विषय हवा होता, मिळाला पशुआहार. रुसव्यातच विभागात गेले. शिपायाने मागच्या दाराकडे बोट दाखवले. तिथे विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेले एक गृहस्थ एका काळ्या शेळीच्या डाव्या कुशीत मूठ रुतवून उभे होते. मी "नमस्कार सर" म्हणताच त्यांनी दुसऱ्या हाताने गप्प राहण्याची खूण केली. दोन मिनिटांनी मूठ काढली.

"तीन वेळा हललं," ते म्हणाले. "कोठीपोट बरं चाललंय. आता बोला, काय काम काढलं?"

"सर, मी सुनंदा. तुमच्याकडे विद्यार्थिनी म्हणून आलेय."

"मग बोलतेस काय? मूठ लाव."

मी मूठ लावली. आत काहीतरी मोठे, सावकाश, पाण्याच्या लाटेसारखे फिरले आणि माझ्या बोटांवर आदळून मागे गेले. रुसवा तिथेच संपला असे मी म्हणणार नाही, पण मी थांबले, हे खरे.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी लगेच होकार दिला आणि त्यानंतर तीन महिने एक ओळ लिहू शकले नाही. सरांबद्दल लिहायचे तर एक गोष्ट लिहावीच लागेल आणि ती लिहिली तर गौरव त्यांचा होईल, उघडी मी पडेन, हे मला ठाऊक होते. चार वेळा कागद पुढे ओढले, चार वेळा उठले. शेवटी काय झाले ते पुढे येईलच.

सरांना स्वस्थ बसणे ठाऊक नाही. बैठकीत पाचव्या मिनिटाला ते उठून खिडकीशी जात आणि पाठमोरे उभे राहूनच मत देत. डबा उभ्याने खात. प्रयोगशाळेत एखादे उत्तर मनासारखे बरोबर आले, की आम्ही आनंदून जायचो आणि सर मात्र कपाळाला आठी घालून पुन्हा नमुना मागवायचे. "एवढं सरळ आलं म्हणजे आपलं काहीतरी बघायचं राहिलंय," असे ते म्हणत. त्यांच्या येरझाऱ्यांनी आमचीही झोप उडे. पण त्या येरझाऱ्यांत राग नसे. आपल्या न कळण्याची किंमत गोठ्यातले मुके जनावर मोजते, ही जाणीव त्यांना एका जागी बसू देत नसे.

पोटाचा विषय शिकवताना ते फळ्यावर चित्र काढत नसत. "शेळीला आपण खाऊ घालतो हा आपला गैरसमज आहे," ते सांगत. "आपण तिच्या कोठीपोटातल्या, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंना खाऊ घालतो. ते चारा कुजवतात, त्यावर वाढतात आणि शेळीला पोसतात. त्यांना कोबाल्ट मिळालं नाही तर ते जीवनसत्त्व बनवणार नाहीत आणि शेळी भरल्या गव्हाणीपुढे वाळत जाईल. चिमूटभराचा खेळ आहे. चिमूट कमी पडली तरी जनावर जातं, जास्त झाली तरी जातं." हे शेवटचे वाक्य मी वहीत लिहून घेतले होते. वाक्याखाली रेघही मारली होती.

त्यांच्या माणुसकीचा एक प्रसंग आधी सांगते, कारण तो सांगताना मला धाप लागत नाही. एका कार्यक्रमात सरांचा शाल देऊन सत्कार होता. सत्कार घेऊन ते व्यासपीठावरून उतरतात न उतरतात तोच निरोप आला, की जवळच्या गावात एका म्हातारीच्या शेळीने पोत्यातली ज्वारी भरमसाट खाल्ली आणि पोट पार बंद पडले. सर तसेच आमच्या विभागाच्या शेळी केंद्रावर आले. तिथल्या निरोगी शेळीच्या पोटातले पाणी त्यांनी नळीने काढून घेतले, कारण बंद पडलेल्या पोटात जिवंत जिवाणू पुन्हा सोडायचे तर तेच लागते आणि ते कोमटच लागते. डबा गुंडाळायला काही सापडेना. सरांनी खांद्यावरची शाल काढली, डबा तिच्यात गच्च बांधला आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेळी वाचली. शालीचा वास मात्र कितीही धुतला तरी गेला नाही. सरांच्या घरी ती शाल पुढे गोणपाटांत गेली आणि त्याबद्दल काकूंनी कधी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही.

आता मूळ गोष्ट.

भोकर तालुक्यातल्या एका वाडीवरून सरूबाई नावाच्या बाईंचा निरोप आला होता. त्यांच्या शेळ्यांना होणारी करडे डोळ्यांनी तरतरीत असायची, दूधही ओढायची. पण उठायला गेली, की मागचे धड डोलायचे आणि बसकण मारायची. आठ-पंधरा दिवसांत मरायची. सलग दोन वेत असे गेले होते. कुणी नजर म्हणाले, कुणी सुया टोचून गेले. घरात शेळ्या सरूबाईंच्या आणि मेंढरे त्यांच्या नवऱ्याची, केरबांची. केरबा दिवसभर मेंढरे घेऊन रानोमाळ असत. शेळ्यांशी त्यांचा संबंध नव्हता.

सरांनी करडांकडे पाहिलेच नाही. त्यांनी आयांच्या अंगावर हात फिरवला.

"मावशी, ह्या शेळ्या मुळात काळ्याच ना?"

"काळ्या कुळकुळीत व्हत्या की. आता उन्हानं तांबूस पडून राहिल्यात."

"ऊन तर पहिल्यापासूनच होतं," सर म्हणाले आणि अंगणात फेऱ्या मारू लागले.

रक्त घेतले, चारा घेतला, विहिरीचे पाणी आणि माती घेतली. महिनाभर तपासण्या चालल्या. रक्तात तांबे फार कमी निघाले. चाऱ्यात ते पुरेसे होते. पण चाऱ्यात आणि पाण्यात दुसरे काही घटक इतके जास्त होते, की तांबे कोठीपोटातच त्यांना चिकटून निकामी होत होते. गाभण शेळीच्या अंगात तांबे नाही, म्हणून पोटातल्या करडाचा मज्जारज्जू कच्चा. केस लालसर पडण्याचे कारणही तेच.

सरूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मंग तांब्याच्या हंड्यातलं पाणी पाजू का त्यास्नी?"

आम्ही दोघी-तिघी विद्यार्थिनी हसलो. सर हसले नाहीत. ते ओट्यावर बसले, जे त्यांच्याकडून क्वचितच होते, आणि हंड्याच्या पाण्याने का भागणार नाही ते त्यांना अर्धा तास समजावून सांगितले. परतताना आम्हाला म्हणाले, "बाईंनी बरोबर दिशेनं विचार केला. तुमच्यापैकी कुणी केला होता?"

केंद्रावर क्षार मिश्रण तयार झाले. शेळीसाठी, त्या भागासाठी, तांब्याचे प्रमाण वाढवलेले. रोज भरड्यात एक छोटा चमचा. माझा प्रबंध त्यावरच होता. पुढच्या वेताला करडे उभी राहिली. सरूबाईंनी निरोप धाडला, "बाईला सांगा, करडं उतरंडीवर चढून राहिलीत, गाडगी फोडून राहिलीत." तो निरोप ऐकून मी विभागात अक्षरशः नाचले होते. सर म्हणाले, "अजून एक वेत जाऊ दे."

त्यानंतरच्या खेपेला मिश्रणाच्या पिशव्या पोहोचवायला मी एकटी गेले. त्या दिवशी संध्याकाळी मला मुरुडची गाडी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी घरी धाकट्या बहिणीची सुपारी फुटायची होती. पिशव्या उतरवल्या, सही घेतली, जीपमध्ये बसले. सरूबाई खिडकीशी आल्या.

"बाई, ह्ये मेंढरांस्नी बी घालू का? त्येंची बी अंगं सुधरतील."

"घाला की मावशी. क्षारच आहेत."

जीप निघाली. मला गाडी मिळाली. सुपारीही थाटात फुटली.

शेळीला जेवढे तांबे लागते, तेवढे मेंढीला सोसत नाही. मेंढीच्या यकृतात ते साठत जाते. महिनोन्‌महिने बाहेर काही दिसत नाही, जनावर उलट तुकतुकीत दिसते. मग एखाद्या दिवशी अंगावर ताण येतो, साठलेले तांबे एकदम रक्तात उतरते आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे सरांनी वर्गात शिकवले होते. हे माझ्या वहीत होते.

पाचेक महिन्यांनी केरबांनी मेंढरांची लोकर कातरली. तिसऱ्या दिवशी मेंढरे पडू लागली. आम्ही पोहोचलो तेव्हा सहा मेली होती. उरलेल्यांतल्या कित्येकांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि लघवी काळपट लाल. सरांनी तिथेच एक मेलेले मेंढरू फाडले. मूत्रपिंड बाहेर काढले तर ते बंदुकीच्या नळीसारखे काळेनिळे, तांबे जास्त झाल्याची खूण. सरांनी मान वर न करता विचारले, "मेंढरांना क्षार घातलेत का?"

सरूबाई म्हणाल्या, "घातलं. रोज सांजच्याला, मेंढरं घरी आली की."

केरबा पुढे आले. हातात काठी होती. उंच माणूस, आवाज मात्र अगदी खाली गेलेला. बायकोला म्हणाले, "कुणी सांगितलं तुला घालाया?"

सरूबाईंनी माझ्याकडे पाहिले. ती नजर सरांनी टिपली आणि त्या काही बोलणार एवढ्यात ते उठले. दोन्ही हात रक्ताने भरलेले.

"मी सांगितलं," सर म्हणाले. "मिश्रण माझं, पिशवी माझी. चूक माझी आहे, केरबा."

मी तिथेच उभी होते. ज्याला भीती म्हणतात ती मी त्या दिवशी पाहिली, आणि ती काठीची नव्हती. प्रबंध, पदवी, घरच्यांचे कौतुक, सगळे एका क्षणात डोळ्यांपुढून गेले आणि मी गप्प राहिले. सरूबाईही गप्प राहिल्या. त्या का गप्प राहिल्या हे मला तेव्हा कळले नाही.

केरबा सरांना म्हणाले, "तुमी शिकल्याली माणसं. मेंढरं म्हंजी काय वहीत लिव्हायची चीज हाय का? पोरावानी पाळल्यात म्या."

सरांनी नांदेडहून मॉलिब्डेनमचा क्षार आणि सोडियम सल्फेट मागवले. रक्तातले तांबे बांधून बाहेर काढायला तोच उपाय असतो. पुढचे पाच दिवस सर त्या वाडीवरच राहिले. सकाळ-दुपार एकेका मेंढराचे तोंड धरून ते स्वतः औषध पाजत होते. केरबांनी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही. सर विहिरीवर जाऊन ओंजळीने पीत. आणखी पाच मेंढरे गेली. बाकीचा कळप वाचला.

परतीच्या वाटेवर मी रडत होते, ते सरांनी पाहिले नसल्यासारखे केले. नांदेडच्या वेशीवर आल्यावर म्हणाले, "उद्या वही घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी वही नेली. सरांनी पाने उलटली, ते पान काढले, माझ्याच अक्षरातली ती रेघ मारलेली ओळ मला मोठ्याने वाचायला लावली.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "घाईत विसरलीस. माहीत नसतं तर मी पुन्हा शिकवलं असतं. यावर माझ्याकडे शिकवण्यासारखं काही नाही. दर आठ दिवसांनी त्या घरी जायचं. मी पण येतो."

आम्ही वर्षभर गेलो. सरांनी स्वतःच्या पदरच्या खर्चाने काही मेंढ्या घेऊन केरबांना दिल्या. केरबांनी त्या ठेवून घेतल्या, पण बोलणे ठेवले नाही. आम्ही गेलो, की ते कळप घेऊन माळावर निघून जात. सर त्यांच्यामागून चालत जात, लांबूनच मेंढरांची चाल पाहत आणि परत येत. मला ते जाणे नकोसे होई. एकदा मी तापाचे निमित्त सांगितले. सरांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि जीपचे दार उघडून धरले.

खात्याने खुलासा मागवला. सरांनी तो एका परिच्छेदात दिला: सूचना देण्यात विभागप्रमुख म्हणून माझ्याकडून कसूर झाली. त्या वर्षी वरचे पद सरांना मिळणार हे सगळे धरून चालले होते. ते दुसऱ्यांना मिळाले. सरांनी त्याच आठवड्यात पिशव्यांची छपाई बदलून घेतली. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून पिशवीवर मेंढीचे चित्र आणि त्यावर लाल फुली. चित्र चार वेळा परत पाठवले, कारण ती मेंढी त्यांना शेळीसारखी दिसत होती. मला पदवी मिळाली.

वर्ष सरत आले असताना एका सकाळी आम्ही पोहोचलो तर केरबा घरीच होते. एक मेंढी अडली होती. त्यांनी सरांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. "बाई, तुमचा हात बारीक हाय. बघा की आत." मी बाह्या वर केल्या. कोकराचा पाय मागे दुमडला होता. तो सरळ केला आणि कोकरू बाहेर आले, जिवंत. केरबांनी सरूबाईंना हाक मारली, "अगं, च्या टाक." सर अंगणात इकडून तिकडे चालत होते ते थांबले आणि त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. ते डोळे पुसत होते, की चष्मा, हे मी विचारले नाही.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. सर निवृत्त होऊन लातूरला स्थायिक झाले. मीही तिथेच नोकरीला आले. निवृत्तीने त्यांच्यात काही फरक पडला नाही. गावोगावच्या शेळीपालक बायका त्यांना मोबाइलवर शेळीच्या पोटाचे व्हिडिओ पाठवतात आणि सर सकाळी सहाला मला फोन करून विचारतात, "बघितलंस का? डावी बाजू फुगलीय. तू अजून झोपून राहिलीस?" शेळ्यांच्या आहारावर आज या भागात जे कोणी काम करत आहेत, त्यांतले बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. त्यांतल्या एकालाही त्यांनी आपल्या नावाची भीड घालू दिली नाही.

लेख लिहायचा म्हणून गेल्या महिन्यात मी सरांकडे गेले आणि सांगून टाकले, की मी ती गोष्ट लिहिणार आहे, माझ्या नावासकट. मला वाटले, सर नको म्हणतील. ते खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"लिही. पण अकरा मेंढरं लिही, दहा-बारा लिहू नकोस."

"हो सर."

"आणि ग्रंथात छापण्याआधी केरबाला जाऊन सांग. छापलेलं त्याला वाचता येत नाही."

मग ते म्हणाले, "सुनंदा, त्या दिवशी मी खोटं बोललो ते मलाही टोचतंय. तू घाबरून शिक्षण सोडून जाशील असं मला वाटलं, म्हणून बोललो. पण ते तुझ्या तोंडून निघायला पाहिजे होतं. मी मध्ये पडलो आणि तुला इतकी वर्षं अडकवून ठेवलं. ही चूक माझी. ही खरंच माझी."

दोन दिवसांनी आम्ही भोकरला गेलो. त्यांच्या मुलांनी प्रवासाला मनाई केली असूनही सर आले. केरबा आता थकले आहेत. मेंढरे नाहीत, सरूबाईंच्या शेळ्या मात्र आहेत, काळ्या कुळकुळीत. ओट्यावर बसून मी सांगितले, "केरबा मामा, मेंढरांना क्षार घाला असं सरांनी नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं. जीपमध्ये बसून, घाईत."

केरबांनी बायकोकडे पाहिले. "तुला ठाव व्हतं?"

"मलाच तर सांगितलं व्हतं बाईनं," सरूबाई म्हणाल्या. "पर पोरगी थरथर कापून राहिली व्हती. आन डाक्टर आडवं आलं. म्या कशाला बोलू?"

सर बसल्या जागी चुळबुळत होते. मग केरबा म्हणाले, "येवढी वर्सं डाक्टरवर राग धरला म्या. च्या पाजला, पर आतून राग व्हताच. आता त्यो कुठं ठिवू?" आणि सरांकडे वळून, "तुमी कशापायी खोटं बोलला वो?"

"तुमच्या हातात काठी होती," सर म्हणाले.

केरबा हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि सरांनीच उठून त्यांना पाणी दिले. माझ्याकडे पाहून केरबा एवढेच म्हणाले, "बाई, लई उशीर केला." मला क्षमा मिळाली की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसले आणि या वेळी उठले नाही.

सर, पंचाहत्तरी ओलांडताना आपले गुडघे दुखोत न दुखोत, आपण चालत राहणार हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्याला दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, दृष्टी आणि हात असेच शाबूत राहोत, काकूंना आपल्या येरझाऱ्या आणखी खूप वर्षे सोसाव्या लागोत. एवढीच प्रार्थना, आणि शिष्य म्हणून एक हट्ट: आमच्या चुका आता आमच्याकडेच राहू द्या.